बाईच्या डिस्कसाठी घेतलेली डबी

ही गोष्ट सांगायची मी सहा वर्षं टाळली. दोनदा वही काढली आणि दोनदा पहिल्या पानावर तारीख टाकून मिटली. कोणी विषय काढला की मी चहाचं बघायला आत जायचो. आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, आणि ज्यांना ही गोष्ट चुकीची माहीत आहे ती माणसं एकेक करून कमी होत आहेत. सगळे ती चुकीची गोष्टच घेऊन गेले, तर पुढे तीच खरी ठरेल. म्हणून लिहायला बसलो आहे.

लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी आहे. भिलाईच्या कोहका वस्तीत राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीनं आपल्या समाजातल्या म्हाताऱ्या बायकांचे आवाज अनेक वर्षं फिरून रेकॉर्ड केले. ते ज्या हार्ड डिस्कवर ठेवले होते ती डिस्क एक दिवस तिच्याच हातून फरशीवर पडली आणि सगळं गेलं. विहारात अजून कधीमधी हे निघतं. तिला कोणी वाईट बोलत नाही. हात थरथरायचा तिचा, वय झालं होतं, एवढंच म्हणतात आणि जिभेनं च्च करतात.

डिस्क तिच्या हातून पडली होती, हे खरं आहे. त्यानं ती बिघडली, हे खोटं आहे. आणि ते खोटं माझं आहे.

बहीण माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आम्ही तिला बाई म्हणायचो. भिलाईच्या पोलाद कारखान्याचं, आमच्या भाषेत प्लांटचं, बांधकाम सुरू झालं तेव्हा आमचे आईवडील भंडाऱ्याकडच्या गावातून इकडे आले. वडील खोदकामावर होते आणि आई घमेली उचलायची. दिवसभर मला सांभाळायचं काम बाईकडे होतं. तिच्या कमरेवर बसून मी भिलाई उभी राहताना पाहिली असं घरात सांगत, मला त्यातलं धुळीशिवाय काही आठवत नाही. पुढे बाई शिकली, प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. मला दहावीपर्यंत अभ्यासाला बसवणारी तीच. मी आयटीआय करून प्लांटच्या इन्स्ट्रुमेंट सेक्शनमध्ये लागलो आणि तिथूनच रिटायर झालो.

बाई रिटायर झाल्यावर काही वर्षांनी तिचे यजमान गेले. मुलगी लग्न होऊन पुण्याला होती. घरात एकटीच, पण ती काही रिकामी बसणारी नव्हती. मुलीनं तिला मुठीत मावेल असा एक रेकॉर्डर आणून दिला होता, कशासाठी ते आता आठवत नाही. तो घेऊन ती आमच्या आईच्या बरोबरीच्या बायकांकडे जायला लागली. ज्यांनी प्लांटच्या पायाशी घमेली उचलली त्या बायका. त्यातल्या बऱ्याचशा तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. कोणी प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या मुलाच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत, कोणी कॅम्प नावाच्या जुन्या मजूरवस्तीत, कोणी कोहक्यातच दोन गल्ल्या सोडून.

मी चार-पाच वेळा तिच्यासोबत गेलो होतो, म्हणून तिची रीत मला माहीत आहे. ती खुर्चीवर बसायची नाही. म्हातारी जिथं बसली असेल तिथं तिच्यासमोर जमिनीवर बसायची. एक स्टीलची वाटी मागून उपडी ठेवायची आणि तिच्यावर रेकॉर्डर. पहिला प्रश्न नेहमी एकच, तुमचं माहेर कोणतं. चाळीस-पन्नास वर्षं नुसती कुणाची तरी आई आणि आजी झालेल्या त्या बायका हा प्रश्न ऐकून आधी हसायच्या. मग सांगायला लागायच्या. कोणत्या गाडीनं आलो, मुकादम कसा होता, लेकराला साडीच्या झोळीत टाकून कामाच्या बाजूलाच कसं टांगायचो, पहिल्यांदा बाबासाहेबांचा फोटो झोपडीत कसा लावला. आणि गाणी. घमेली वाहताना त्यांनी स्वतः जोडलेली गाणी. ती कुठल्या पुस्तकात नव्हती, दुसऱ्या कुणाला येत नव्हती. त्यांच्या नाती हिंदीत बोलत, त्यांना अर्धी कळायचीही नाहीत. बाई मध्ये काही बोलायची नाही. म्हातारी थांबली की एवढंच विचारायची, "मंग का झालं?"

असे सव्वीस बायकांचे आवाज तिनं जमवले होते. मी हे लिहायला बसेपर्यंत त्यातली एकही उरलेली नाही.

रेकॉर्डर भरला की ती ते सगळं एका हार्ड डिस्कवर टाकायची आणि रेकॉर्डर रिकामा करायची. डिस्क जुन्या पद्धतीची, जाड पुस्तकाएवढी, वेगळ्या वायरवर चालणारी. एवढ्या वर्षांचं काम त्या एका डिस्कवर होतं. तिलाही ते खटकत होतं. एक दिवस तिनं मला बोलावलं आणि डिस्क एका स्वच्छ पंच्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"परवा पोछा मारताना माह्या हातून पडली," ती म्हणाली. "तवापासून बत्ती नाई लागत. तू पाह्यजो. आन् आता दोन ठिकाणी ठेवू, बापू. एक तुह्या घरी, एक माह्या घरी. चांगलंच घेजो, कंजूसी नको करू."

तिनं पैसे आधीच लिफाफ्यात घालून ठेवले होते. चांगली वस्तू येईल एवढे होते, दुसरी डिस्कही आली असती.

मी सुपेल्याच्या बाजारात एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्या मुलाच्या वयाचा, शांत माणूस होता. त्यानं बाहेरची डबी उघडली, आतली डिस्क काढली, तिला नुसती वीज देऊन कानाशी धरली. म्हणाला, डिस्क बरोबर फिरते आहे, आवाज स्वच्छ आहे, पडल्यानं फक्त डबीतलं सर्किट गेलं आहे. डबी बदलली की काम झालं. हे त्यानं मला सांगितलं आणि मी ऐकलं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवावं.

मग त्यानं काउंटरवर तीन डब्या मांडल्या. एक ॲल्युमिनियमची, जड, तिच्यासोबत तिचं स्वतःचं ॲडॅप्टर आणि दोन वर्षांची वॉरंटी. दुसरी त्याहून साधी, तीही ठीक. तिसरी पांढऱ्या खोक्यात, वर कुठलंच नाव नाही, प्लास्टिक इतकं पातळ की बोटानं दाबलं तर आत जायचं.

त्यानं विचारलं, "अंकल, डेटा ज़रूरी है क्या? ज़रूरी है तो पहली वाली लो. और साथ में दूसरी डिस्क भी ले लो, मैं यहीं लगाकर कॉपी कर देता हूँ."

मी त्याला उलट शिकवायला लागलो. डबी म्हणजे काय, सर्किटची एक छोटी पाटी आणि दोन वायरी, डेटा डिस्कमध्ये असतो, डबीत नसतो, पैसे तर तुम्ही चकचकीत पत्र्याचे घेता. पस्तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटमध्ये काढल्याचंही सांगितलं. तो हसला नाही. एवढंच म्हणाला की जुनी डबी कधी कधी आपल्या हिशेबानं लिहिते, नवीला ते वाचता येईलच असं नाही, म्हणून इथंच लावून बघू. मी म्हटलं, घरी लावीन. तिसरी डबी घेतली. दुसरी डिस्क पुढच्या महिन्यात बघू म्हटलं.

असं का केलं ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आमच्या सेक्शनमध्ये नवं सामान मागणाऱ्याला फारशी किंमत नव्हती. भंगारातून पार्ट काढून, पदरचं डोकं लावून जो मीटर चालू करील तो कारागीर. ती सवय अंगात मुरलेली. आणि दुसरं एक कारण आहे, ते लिहायला लाज वाटते. लिफाफा जवळजवळ भरलेलाच परत नेऊन दिला की बाई म्हणेल, पाह्य माह्या भावाचं डोकं. सत्तरीला आलेल्या माणसाला मोठ्या बहिणीची शाबासकी पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली नगरच्या माझ्या घरी, जेवणाआधी, मी डिस्क त्या डबीत बसवली आणि कॉम्प्युटरला लावली. डबीची निळी बत्ती लागली. मला बरं वाटलं. तेवढ्यात टिंग असा आवाज झाला आणि स्क्रीनवर एक चौकोन आला.

इथं मला प्लांटमधली एक रीत सांगावी लागेल. कंट्रोल रूममध्ये एक मोठं पॅनेल असतं. कुठं तापमान चढलं, कुठं दाब उतरला की त्या जागची बत्ती लुकलुकते आणि हूटर वाजतो. हूटर इतका कर्कश असतो की तो चालू असताना कोणाला विचार करता येत नाही. म्हणून पहिलं काम हूटर बंद करणं. त्यासाठी एक बटण असतं, ॲक्नॉलेज. ते दाबलं म्हणजे तुम्ही एवढंच सांगता की मला कळलं. त्यानं यंत्रावर काही परिणाम होत नाही. आधी बटण, मग वाचायचं, मग धावायचं. नव्या माणसाला आम्ही हेच पहिलं शिकवायचो. माझ्या हाताला ते इतकं ठाऊक होतं की जेवताना प्रेशर कुकरची शिट्टी झाली तरी बोट हलायचं.

त्या दिवशी टिंग झालं आणि मी दाबलं. आणखी एक चौकोन आला, तोही दाबला. दोन्ही वेळा हात आधी गेला आणि डोळे मागून पोचले. पहिल्यात विचारलं होतं, ही डिस्क वापरण्यासाठी फॉर्मॅट करायची का. दुसऱ्यात लिहिलं होतं की असं केल्यास डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पहिल्यासाठी मी सवयीला दोष देतो. दुसऱ्यासाठी माझ्याकडे काही सांगायला नाही.

हिरवी पट्टी काही सेकंदांत सरकून गेली. डिस्क उघडली तर ती नवी असावी तशी रिकामी.

नंतर मला समजलं की दुकानदार सांगत होता तेच झालं होतं. त्या स्वस्त डबीला जुन्या डबीनं लिहिलेलं ओळखता आलं नाही, म्हणून तिनं डिस्क कोरी समजली. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं असतं आणि दुसऱ्या एखाद्या डबीत ती लावून पाहिली असती, तर कदाचित सगळं जसंच्या तसं मिळालं असतं. पण त्या वेळी मी घाबरलो होतो आणि घाबरलेला माणूस हात बांधून बसत नाही. पुसलेलं परत आणणारा एक फुकटचा प्रोग्रॅम मी शोधून काढला. त्यानं विचारलं, सापडलेलं कुठं ठेवू. माझ्याकडे दुसरी डिस्क नव्हती, ती मी पुढच्या महिन्यावर टाकली होती. म्हणून मी त्याच डिस्कवर ठेवायला सांगितलं. म्हणजे एका हातानं काढत होतो आणि दुसऱ्या हातानं त्याच्यावरच माती टाकत होतो. संध्याकाळपर्यंत तिथं आकडे टाकलेल्या शेकडो फाइली जमल्या. उघडल्या की खरखर. माणसाचा आवाज कशातच नव्हता.

बाईचा फोन चौथ्या दिवशी आला. मी उचलला तेव्हा खरं सांगायचं असंच मनात होतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. खरं होतं की नव्हतं देव जाणे, आणि देव आम्ही मानत नाही.

"झालं का, बापू?"

मी म्हटलं, "बाई, डिस्क उघडून नाई राहिली. आत काहीच दिसत नाई."

तिच्या घरातल्या पंख्याचा आवाज मला फोनवर ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "माह्या हातूनच पडली न ते. त्यानंच झालं असन."

ते खोटं मी रचलेलं नव्हतं. तिनं ते तयार करून माझ्यासमोर ठेवलं, लहानपणी ताट ठेवायची तसं. मी फक्त घेतलं.

"हो," मी म्हटलं. "तेच असन."

पुण्याहून भाचीचा फोन आला. ती हुशार, कॉम्प्युटरवरच काम करणारी. म्हणाली, "मामा, घबराने का नहीं, नागपूरला असे लोक आहेत, जळालेल्या डिस्कमधूनही काढून देतात. तुम्ही फक्त कुरिअर करा, बाकी मी बघते." मी हो म्हटलं. पण नागपूरवाला डिस्क लावताच ओळखणार होता की ही पडून बिघडलेली नाही, कोणीतरी फॉर्मॅट केली आहे. तो ते भाचीला सांगणार, भाची तिच्या आईला. मी डिस्क कपाटात गरम कपड्यांच्या खाली ठेवली. भाचीनं विचारलं तेव्हा सांगितलं, माझ्या ओळखीचा एक जण नागपूरला आहे, त्याच्याकडेच पाठवली. दोन आठवडे जाऊ दिले. मग दोघींना सांगितलं, तेही नाही म्हणाले.

बटण दाबणं ही चूक होती. चूक कोणाकडूनही होते, बाईनं मला दोन दिवस बोलून तिसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं असतं. हे दोन आठवडे चूक नव्हते. रोज सकाळी उठून मी ते पुन्हा करत होतो.

त्यानंतर बाईनं जे ठरवलं ते मला अपेक्षित नव्हतं. ती म्हणाली, ज्या घरांतून आवाज घेतले त्या प्रत्येक घरी जाऊन सांगायचं. "इस्वासानं बोलल्या त्या माह्याशी. त्याईच्या लेकराईले कळलं पाह्यजे." ती पायी किती फिरणार, म्हणून मी स्कूटर काढली. तो सगळा उन्हाळा मी तिला मागं बसवून घरोघरी नेलं.

ती पांढरी साडी नेसून यायची. दारात चपला काढायची, आत जाऊन बसायची आणि पाणी प्यायच्या आधीच सांगायची की तुमच्या आईचा आवाज माझ्याकडून गेला, पोछा मारताना माझ्या हातून पडला, मला माफ करा. मी तिच्या बाजूला बसलेला असायचो. पुष्कळ ठिकाणी लोक म्हणाले, जाऊ द्या मॅडम, तुम्ही एवढं केलं तेच फार झालं. कोणी मला म्हणे, बहिणीसाठी या उन्हात फिरता, असा भाऊ कुठं मिळतो. मी मान हलवायचो. अशी मान मी किती घरांत हलवली ते सांगवत नाही.

कॅम्पातली एक म्हातारी तेव्हा जिवंत होती. तिला कमी ऐकू यायचं. तीनदा मोठ्यानं सांगितल्यावर तिला समजलं आणि ती बोळक्या तोंडानं हसत सुटली. म्हणाली, "अवं, मंग रडतं कावून? मी मेली का? पुन्हा सांगतो न." बाईनं घाईघाईनं पिशवीतून रेकॉर्डर काढला, वाटी मागितली. पण म्हातारीला आता माहेरच्या गावाच्या पुढे काही आठवेना. गाण्याची एक ओळ यायची आणि तिथंच ती परत परत फिरायची. बाईनं शेवटी रेकॉर्डर बंद केला आणि तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

आणि एक घर नेहरू नगरमधलं. तिथली म्हातारी आमच्या येण्याच्या महिनाभर आधीच गेली होती. तिची मुलगी, पन्नाशीची, कोचिंग क्लासमध्ये शिकवणारी, ती उलट आवाज कधी मिळेल म्हणून वाट पाहत होती. बाईचं बोलणं तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मौसी, फोटो तो सबके घर में होता है. आवाज़ बस आपके पास थी. पोछा मारते वक़्त ऐसी चीज़ हाथ में कौन लेता है?"

बाई म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

मुलगी उठून आत गेली ती परत आली नाही. घरातल्या सुनेनं आम्हाला दारापर्यंत सोडलं. परत येताना हायवेच्या सिग्नलला स्कूटर थांबली. बाईचा हात माझ्या खांद्यावर होता. ती मागून म्हणाली, "खरं बोलली ते पोरगी. शिवी दिली असती तं बरं झालं असतं." मी समोरच्या ट्रकच्या मागचे लाल दिवे पाहत राहिलो. सिग्नल मोठा होता. सांगायला लागतो त्याच्या दहापट वेळ होता.

त्या उन्हाळ्यानंतर बाईनं रेकॉर्डर कोणाला तरी देऊन टाकला. आणखी तीन बायकांकडे जायचं राहिलं होतं, त्यांनी निरोपही पाठवले होते. ती गेली नाही. माह्या हातात आता काही देऊ नका, म्हणायची. लोकांकडे गेली की कपात चहा घेत नसे, स्टीलचा गिलास मागायची. विहारात वंदनेच्या वेळी मेणबत्ती लावायचा मान वयानं तिचा होता. तिनं तो दुसऱ्या बाईला दिला आणि मागच्या ओळीत जाऊन बसायला लागली. त्या तीन बायका पुढच्या दोन वर्षांत गेल्या. माझं खोटं डिस्कवरच्या आवाजांपाशी थांबलं नव्हतं, जे अजून रेकॉर्डच झाले नव्हते तेही त्यानं खाल्ले.

तिसऱ्या वर्षी मी ती डिस्क कपाटातून काढली आणि स्वतः गाडीनं नागपूरला घेऊन गेलो. तिथल्या माणसाला सगळं खरं सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. त्यानं आठवडाभर ठेवून घेतली. मग समजावून सांगितलं की फॉर्मॅट झाल्यावर लगेच, काही न करता आणली असती तर बहुतेक सगळं निघालं असतं. आता त्याच्यावर दुसरं लिहिलं गेलं आहे. निघालं ते एवढंच, म्हणून त्यानं मला एक फाइल दिली. एकोणीस सेकंदांची. तिच्यात सुरुवातीला भांड्यांचा आवाज आहे, मग लांबून कोंबडा, मग बाईचा आवाज, "मंग का झालं?" आणि पुढे कोणी काही सांगायच्या आत ती संपते.

ती फाइल मोबाइलमध्ये घेऊन मी भिलाईला परत आलो. ठरवलं होतं की हे ऐकवायचं आणि सोबत सगळं सांगायचं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वर्ष गेलं. मग बाईला छातीत पाणी झालं म्हणून दवाखान्यात ठेवलं.

दुपारी भेटायच्या वेळी मी गेलो. भाची पुण्याहून आली होती, ती जेवायला खाली गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. बाई उशीला टेकून बसली होती, फार वाळली होती, पण बोलणं स्पष्ट होतं. मी मोबाइल तिच्या कानाशी धरला. तिनं एकोणीस सेकंद ऐकलं. मग म्हणाली पुन्हा लाव. चार वेळा लावलं.

"हे मीच आहे," ती म्हणाली. "कुठून आणलं बापू?"

"नागपूरवाल्यानं काढलं."

"तू अजून मांगंच होता का त्याच्या?" तिचे डोळे भरले. "पाह्य, मी एवढं पाडून ठेवलं आन् तू एवढा फिरून राहिला माह्यासाठी. लयच केलं तू."

मी म्हटलं, "बाई..."

तिनं वाट पाहिली. आयुष्यभर दुसऱ्यांची पाहायची तशीच, तोंडाकडे बघत, मध्ये न बोलता. कोणी आत आलं नाही. सिस्टर आली नाही, फोन वाजला नाही. मला अडवायला तिथं काहीही नव्हतं.

"बोल न," ती म्हणाली.

मी म्हटलं, "पाणी देऊ का?"

तिनं मान हलवली. मी गिलास धरला, ती दोन घोट प्याली. नवव्या दिवशी ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहार भरला होता. तिनं शिकवलेली माणसं आली होती, त्यातली काही आता आजोबा झालेली. कमिटीचे एक जण बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले. म्हणाले, मॅडमनी आपल्या आयांचे आवाज जमवले होते, दुर्दैवानं त्यांच्या हातून ते वाचले नाहीत, पण त्यांची भावना मोठी होती, आपण ती चूक पोटात घातली आहे. मग भाऊ म्हणून माझं नाव पुकारलं. मी उठलो. समोर नेहरू नगरची ती मुलगीही बसलेली होती, पांढरी साडी नेसून. मी बाईनं मला लहानपणी कसं सांभाळलं ते सांगितलं, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसलो.

त्याला दोन वर्षं झाली. ज्या घरी आम्ही त्या उन्हाळ्यात गेलो होतो त्या प्रत्येक घरानं हे वाचावं, आणि तिनं तुमच्याकडे मागितलेली माफी परत तिला द्यावी. भाचीला हे सगळं मी परवा फोनवर सांगितलं. तिनं फोन ठेवला, तो तिचा हक्क आहे. पण जिला सांगायचं होतं तिला सांगितलं नाही. शब्द पाठ होते. स्कूटरवर होते, दवाखान्यात होते, अजूनही आहेत, आणि फार नाहीत.

बाई, डिस्क पडून नाई बिघडली. चांगली होती, मी पुसली. तू म्हणाली माह्या हातून झालं, आन् मी हो म्हणालो. त्या सगळ्या घरी तू जे माफी मागितली, ते माही होती. मले माफ कर.